मिटलेल्या पुस्तकाची उजळणी

माघ सरत येतो, कृष्णाकाठच्या शेतांतून हळद काढण्याची लगबग सुरू होते, साखर कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रात्री उशिरापर्यंत तुटत नाही, आणि याच दिवसांत सातारा-सांगलीच्या घराघरांत दहावीच्या परीक्षेची चिंता दिव्याखाली येऊन बसते. कोल्हापूर विभागीय मंडळाच्या अखत्यारीतील सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतली मुलेमुली ज्या परीक्षेला बसतात, तिच्या निकालावर पुढची शाखा, पुढचे गाव, आणि काही घरांत तर मुलीचे शिक्षण चालू राहणार की लग्नाची बोलणी सुरू होणार हेही ठरत असल्यामुळे, ही चिंता हसण्यावारी नेणे कोणाही विचारी माणसाला शोभणार नाही. घरी आलेला पाहुणा पाण्याचा तांब्या खाली ठेवण्यापूर्वीच विचारतो, ‘‘काय, अभ्यास कुठवर आला?’’ आणि मुलाचे उत्तर ठरलेले असते, ‘‘दोनदा वाचून झालंय, आता तिसरी रिव्हिजन चालू आहे.’’ आई समाधानाने मान हलवते, वडील निर्धास्त होतात, आणि आपली तयारी पुरी होत आल्याचा विश्वास मुलालाही वाटू लागतो. माझे नम्र पण निश्चित मत असे आहे की, आपल्या मुलांच्या पुष्कळशा अपयशाचे, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या मनस्तापाचे, मूळ या उत्तरातच आहे. कारण वाचणे म्हणजे उजळणी अशी समजूत आपण करून घेतली आहे, आणि ती समजूत चुकीची आहे.

अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माणसाच्या कानांवर काही वाक्ये वर्षानुवर्षे पडत राहतात. त्यांतले सर्वांत क्लेशदायक वाक्य परीक्षागृहाच्या दारात ऐकू येते. कष्टाळू, पहाटे उठणारी, पुस्तकाच्या ओळीन् ओळीखाली रंगीत रेघा ओढलेली एखादी मुलगी पेपर देऊन बाहेर येते आणि भरल्या डोळ्यांनी सांगते, ‘‘सर, येत होतं, पण आठवलं नाही.’’ मी प्रारंभीच्या काळात अशा मुलींची समजूत घालीत असे, धीर देत असे, आणि मनातल्या मनात घबराटीला दोष देत असे. पुढे पुढे मात्र मला त्या वाक्याच्या पूर्वार्धाचीच शंका येऊ लागली. तिला ते येत होते म्हणजे नेमके काय होत होते? पुस्तकाचे पान समोर उघडे असताना प्रत्येक वाक्य परिचित वाटत होते, पुढच्या परिच्छेदात काय आहे याची चाहूल लागत होती, आकृती पानाच्या कोणत्या बाजूस आहे हेही ठाऊक होते. ही ओळख होती, आणि ओळख ही स्मरणाहून निराळी वस्तू आहे. वाईच्या घाटावर रोज जाणाऱ्या माणसाला ढोल्या गणपतीच्या देवळाचे चित्र दाखविले तर तो क्षणात ओळखील. परंतु कोरा कागद आणि पेन्सिल हाती देऊन त्या देवळाची पाठभिंत कशी आहे हे काढून दाखव म्हटले, तर त्याचा हात थबकेल. परीक्षेत आपल्यापुढे येतो तो कोरा कागद. म्हणून ज्या तयारीत कोरा कागद एकदाही समोर आलेला नाही, ती तयारी कितीही तास केलेली असो, परीक्षेच्या दृष्टीने अपुरीच राहते.

‘उजळणी’ हा आपल्या भाषेतला शब्द मोठा अर्थगर्भ आहे. सणावाराच्या आदल्या दिवशी घरातल्या पितळी समया, ताम्हने, घंगाळी अंगणात येत. चिंचेच्या कोळाने आणि राखेने ती घासली जात. आणि काळवंडलेल्या धातूतून त्याचे मूळचे तेज पुन्हा वर येई. या क्रियेस उजळणे म्हणतात. त्याच क्रियापदावरून पाढ्यांच्या घोषाला आणि पाढ्यांच्या पुस्तकालाही उजळणी हे नाव पडले. नुसते पाहत राहिल्याने समई उजळत नाही. तिला हात लावावा लागतो, घासावे लागते, आणि घासणाऱ्याचा दंड दुखावा लागतो. आमच्या लहानपणी सातारकडच्या घरांतून तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला, शुभंकरोती झाली, की परवचा सुरू होई. बे एके बे पासून तीस दाहे तीनशेंपर्यंतचे पाढे, त्यांच्यापाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. मग तिथी, वार, महिने, नक्षत्रे. आजी वाती वळीत बसलेली असे. तिला अक्षरओळख नव्हती; पण सतरा सत्ते म्हणताना एखादा पोर अडखळला की तिचा हात थांबे, आणि तो हात थांबलेला पाहताच पोर पुन्हा मागे जाऊन पाढा धरी.

या परवच्यावर पुढच्या काळात घोकंपट्टी म्हणून पुष्कळ टीका झाली, आणि अर्थ न कळता केलेल्या पाठांतराविषयीचा त्या टीकेतला भाग न्याय्यही होता. परंतु टीकेच्या भरात परवच्याची जी घडण होती तिच्याकडे आपले दुर्लक्ष झाले. परवच्यात पुस्तक नसे. जे म्हणायचे ते स्मृतीतून वर आणावे लागे. परवच्याला वेळ ठरलेली असे. दिवेलागण ही सगळ्या गावाची एकच घटका होती, आणि त्या घटकेला घरात दुसरे काही चालत नसे. आणि परवच्याला ऐकणारे माणूस असे. मिटलेले पुस्तक, राखून ठेवलेली वेळ आणि ऐकणारे कान यांच्या संयोगाने ती उजळणी सिद्ध होत असे. आज मुलापाशी उघडे पुस्तक आहे, वेळेचे तुकडे आहेत, आणि ऐकणारा कोणी नाही.

मिटलेल्या पुस्तकाचे महत्त्व केवळ जुन्या वहिवाटीच्या आधारावर सांगावे असा माझा आग्रह नाही. आधुनिक मानसशास्त्राने त्याची कसून परीक्षा घेतलेली आहे. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वतःवरच केलेल्या प्रयोगांचा तपशील दिला आहे. अर्थहीन अक्षरगटांच्या माळा पाठ करावयाच्या, काही काळ जाऊ द्यावयाचा, आणि त्याच माळा पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे मोजावयाचे, अशी त्याची रीत होती. त्या मापाने पाहता तासाभरातच निम्म्याहून अधिक, आणि एका दिवसात जवळजवळ दोन तृतीयांश, विसरले गेल्याचे त्याला आढळले. मात्र त्यानंतर विस्मरणाचा वेग मंदावला आणि महिना उलटल्यावरही पाचवा हिस्सा शिल्लक राहिला. त्याच ग्रंथात त्याने आणखी एक निरीक्षण नोंदविले आहे, आणि ते आपल्या मुलांना सांगण्याजोगे आहे. बारा अक्षरगटांची माळ एका बैठकीत लागोपाठ ६८ वेळा घोकून दुसऱ्या दिवशी जेवढे श्रम वाचले, तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागून केलेल्या अवघ्या ३८ आवृत्त्यांनी झाला. अंतर ठेवून केलेले थोडके श्रम एकगठ्ठा केलेल्या पुष्कळ श्रमांची बरोबरी करतात, हा त्याचा अर्थ.

त्यानंतर सव्वाशे वर्षे उलटत आली असता, २००६ मध्ये, अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासावयास दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८३ टक्के मजकूर आठवला आणि दुसऱ्या गटाला सुमारे ७१ टक्के. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत मात्र वाचणाऱ्यांपाशी ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांपाशी ६१ टक्के. आपल्याला पुढे चांगले आठवेल असा विश्वास ज्या गटाने अधिक व्यक्त केला होता, तो गट चार वेळा वाचणाऱ्यांचा होता. म्हणजे वाचनाने मजकूर क्षणभर हाती येतो आणि त्याबरोबर खोटे समाधानही येते. ‘तिसरी रिव्हिजन चालू आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसते ते हेच समाधान. केंट स्टेट विद्यापीठातील जॉन डनलॉस्की आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा ताळेबंद मांडला, तेव्हा स्वतःची परीक्षा घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे या दोनच पद्धतींना त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले. ओळींवर रंग फासणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे यांची गणना सर्वांत कमी उपयोगाच्या पद्धतींत झाली.

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, आणि तेथे जमिनीच्या पोटात पेवे खणून त्यांत हळद साठविण्याची परंपरा होती. पेवात हळद सुरक्षित राही, तिचा रंग टिके. पण पेव बुजवलेले असताना व्यापाऱ्याला पेठेत त्या हळदीची एक चिमूटही दाखविता येत नसे. ती विकावयाची तर माती उकरावी लागे, आत उतरावे लागे, पोती वर काढावी लागत. स्मृतीचेही तसेच आहे. वाचून आपण पेव भरतो. परंतु परीक्षेच्या दिवशी लागते ती पेवातून वर काढण्याची कला, आणि ती कला वर काढण्यानेच येते. हळदीच्या पेवापेक्षा स्मृतीचे पेव एका बाबतीत अधिक उदार आहे: त्यातून जितक्या वेळा काढावे तितका पुढचा मार्ग सुकर होतो आणि साठाही घटत नाही.

आता हे प्रत्यक्षात कसे करावे, हे सांगितल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. धडा एकदा नीट, समजून वाचावा. न समजलेले शिक्षकांना विचारून घ्यावे, कारण न समजलेल्याची उजळणी म्हणजे काळवंडलेल्या भांड्यावर पुन्हा काजळी धरणे होय. मग पुस्तक मिटावे, कोरा कागद घ्यावा आणि त्या धड्यात काय होते ते आपल्या शब्दांत लिहून काढावे. पहिल्या प्रयत्नात अर्धेही आठवणार नाही. मुलाला खिन्न वाटेल. याच ठिकाणी बहुतेक मुले कागद सारून पुन्हा पुस्तक उघडतात, आणि याच ठिकाणी शिक्षकाने किंवा पालकाने त्यांना सांगावयास हवे की हा अडखळण्याचा क्षण म्हणजेच शिकण्याचा क्षण आहे. आठवण्याचा प्रयत्न संपूर्ण करून मगच पुस्तक उघडावे, राहिलेले निराळ्या रंगाच्या शाईने भरावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच धड्यासाठी पुन्हा कोरा कागद घ्यावा. भूगोलात भारत आणि ब्राझील यांचे नकाशे पाहून गिरविण्याऐवजी न पाहता काढावेत आणि मग पुस्तकाशी पडताळावेत. विज्ञानातील भिंगांच्या किरणाकृती हात स्वतः काढू लागेपर्यंत काढाव्यात. इतिहासातील इसवी सनांची यादी पाठ करण्याऐवजी एका घटनेनंतर दुसरी का घडली हे लहान भावंडाला गोष्टीसारखे सांगून पाहावे. जेथे गोष्ट तुटते तेथे अभ्यास कच्चा आहे असे समजावे.

गणिताविषयी थोडे स्वतंत्र बोलले पाहिजे. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक घटकाखाली सरावसंच असतात, आणि वर्गसमीकरणांच्या सरावसंचात वर्गसमीकरणेच असतात. म्हणून कोणती रीत लावायची हा प्रश्न तेथे मुलाला पडतच नाही. मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत मात्र अंकगणिती श्रेढीच्या उदाहरणाशेजारी संभाव्यतेचे उदाहरण उभे असते, आणि पहिली कसोटी रीत ओळखण्याची असते. यास्तव उजळणीच्या वेळी निरनिराळ्या सरावसंचांतील उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून, मिसळून, हाताला येईल ती सोडवावीत. भाषांच्या बाबतीत तर कृतिपत्रिकांनी मार्गच बदलून टाकला आहे. गाईडमधले तयार उत्तर तेथे फारसे उपयोगी पडत नाही, अपरिचित उतारा वाचून स्वतःचे मत शुद्ध वाक्यांत मांडण्याची सवय उपयोगी पडते, आणि ती सवय रोजच्या अर्ध्या पानाच्या लेखनाने लागते. सज्जनगडावरील समर्थांनी नित्य काही लिहावे आणि वाचीत असावे असा जो उपदेश केला, तो आपण सुविचारांच्या फळ्यापुरता ठेवला आणि दिनक्रमातून वगळला, ही खेदाची गोष्ट आहे.

या सर्वांसाठी एक वही असावी. व्यापारी जशी रोजकीर्द ठेवतो तशी ती तारीखवार असावी: आज कोणता धडा मिटल्या पुस्तकाने सांगितला, कोठे अडलो, तो पुन्हा केव्हा काढायचा. नवा धडा दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने, असा वाढत्या अंतराने समोर यावा. अडलेल्या जागांची खतावणी शेवटच्या पानांवर असावी, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी साऱ्या पुस्तकांऐवजी ती पाने पुढे घ्यावीत. आणि त्या रात्री झोपावे. जागरणाला आपल्याकडे उगाच तपश्चर्येची प्रतिष्ठा मिळाली आहे. दिवसभर मिळविलेले स्मृतीत पक्के होण्याचे कार्य झोपेत चालते, आणि झोप तोडून वाचलेली चार पाने सकाळी आपल्याबरोबर आधीची चाळीस पानेही धूसर करून टाकतात.

येथवर मी मुलांच्या कर्तव्याविषयी बोललो. परंतु सोळा वर्षांच्या मुलाला सर्व उपदेश करून मोठ्यांनी मोकळे व्हावे हे मला मान्य नाही. कारण मिटलेल्या पुस्तकासमोर बसण्यास जी निःशब्द घटका लागते, ती मूल स्वतः निर्माण करू शकत नाही. दोन खोल्यांच्या घरात दूरदर्शन संचावर मालिका चालू असते, वडिलांच्या हातातील मोबाईलमधून दर मिनिटाला नवे गाणे वाजत असते, बाहेर वरातीचा डॉल्बी भिंती हादरवीत असतो, आणि त्या गोंगाटात मुलाला ‘मन लावून अभ्यास कर’ असे सांगितले जाते.

म्हणूनच सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने जे केले, ते मला या काळातील एक थोर शैक्षणिक कृत्य वाटते. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली, शाळा परत उघडल्या तरी मोबाईल मुलांच्या हातून सुटेना, आणि घरातली मोठी माणसेही पडद्यापुढून हलेनात, हे पाहून गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठराव केला: रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, आणि पुढचा दीड तास गावातले दूरदर्शन संच व मोबाईल बंद राहतील, त्या वेळात मुले अभ्यास करतील, मोठी माणसे वाचतील किंवा एकमेकांशी बोलतील. सरपंच विजय मोहिते यांनी हा विचार मांडला तेव्हा पुरुषमंडळी प्रथम हसली. गावातल्या बायकांनी मात्र तो उचलून धरला. आशासेविका, अंगणवाडीसेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि सेवानिवृत्त शिक्षक दारोदार फिरले, समजूत घालीत राहिले, आणि ठराव अंमलात आला. ज्या मुलखात प्रतिसरकारच्या दिवसांत गावांनी आपले निवाडे आपणच केले, त्या मुलखातील एका गावाने आपल्या संध्याकाळचा निवाडाही आपणच करावा, यात मला एक सुसंगती दिसते. गावाने दिवेलागणीची घटका परत आणली.

यावर कोणी म्हणेल की ही व्यक्तिस्वातंत्र्यावर गदा आहे. मला तसे वाटत नाही. शासनाने फर्मान काढून हे केले असते तर आक्षेपाला जागा होती. ग्रामसभेत बसून, शेजाऱ्याशी मसलत करून, आपल्याच मुलांसाठी आपण स्वीकारलेले बंधन हे पारतंत्र्याचे लक्षण नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भोंगा शांतता देईल. पण त्या दीड तासात मुलाने काय करायचे? पुन्हा तीच रंगीत रेघांची पाने उलटायची असतील, तर गावाने एवढ्या निग्रहाने राखलेली वेळ पाण्यात जाईल. वडगावच्या भोंग्याला मिटलेल्या पुस्तकाची जोड मिळाली पाहिजे, हे माझ्या या लेखाचे सार आहे. आणि तिसरी गोष्ट आक्षेपाची नसून लज्जेची आहे. ऐन परीक्षेच्या हंगामात बीडकडून आलेले ऊसतोड कामगार आपल्याच शिवारात कोप्या घालून राहिलेले असतात, आणि त्यांच्या मुलांना ना दिवा असतो ना शांतता, कित्येकांना तर शाळाही उरलेली नसते. ज्या गावात भोंगा वाजेल त्या गावाने आपल्या वेशीबाहेरच्या कोपीतील मुलाला समाजमंदिराची खोली आणि एक दिवा देण्याची तजवीज केली पाहिजे. नाहीतर ती शांतता काही घरांचीच मालमत्ता होऊन बसेल.

घराने मुलासाठी वेळ राखून ठेवणे म्हणजे काय, याचा सर्वांत उत्तुंग दाखला साताऱ्याशी जोडलेला आहे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्यातील सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे हे कुटुंब मुंबईस गेले आणि परळच्या चाळीत एकाच खोलीत राहू लागले. सारा संसार त्या खोलीत. मुलाने अभ्यासाला बसावे कोठे आणि केव्हा? बाबासाहेबांच्या चरित्रात वाचावयास मिळते की, मुलगा संध्याकाळी लवकर झोपे, सुभेदार रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवून आपण त्याच्या जागी झोपत, आणि मुलगा मिणमिणत्या दिव्यापुढे निजलेल्या घराच्या शांततेत अभ्यास करी. मुलाची झोपही बुडू न देता त्याला शांत वेळ मिळवून देण्यासाठी पित्याने आपली झोप दिली. १९०७ मध्ये तो मुलगा मॅट्रिक झाला. आपल्या घरातील मोबाईल दीड तास बाजूला ठेवणे ज्यांना जड वाटते, त्यांनी त्या खोलीचे क्षणभर चिंतन करावे.

शाळांनीही आपल्या वाट्याचे काम केले पाहिजे. सराव परीक्षा आणि पूर्वपरीक्षा या गुण नोंदविण्यापुरत्या राहू नयेत. तपासलेली उत्तरपत्रिका आठवड्याच्या आत मुलाच्या हाती पडावी, चुकलेला प्रश्न त्याने पुन्हा सोडवावा, आणि महिन्याने तोच प्रश्न दुसऱ्या रूपाने त्याच्यासमोर यावा. रोजच्या तासाची पहिली पाच मिनिटे मागच्या आठवड्यातील धड्यावरच्या तीन प्रश्नांना द्यावीत, गुणांचा प्रश्न न ठेवता. यासाठी नवे अनुदान लागत नाही, शिरस्ता बदलावा लागतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ पासून साताऱ्यात ती वाढविली, आणि मुलाने आपल्या श्रमावर शिकावे हे स्वावलंबनाचे तत्त्व या मातीत रुजविले. त्या तत्त्वाचा बौद्धिक अर्थ मी असा लावतो की, गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि शेजारच्या बाकावरची उत्तरपत्रिका यांच्या आधारावाचून जे मनातून काढता येते तेवढेच ज्ञान आपले, उरलेले उसने. कॉपीमुक्त परीक्षेचा बंदोबस्त पोलीस आणि भरारी पथके करतील, परंतु ज्याला मिटल्या पुस्तकाने उत्तर सांगता येते त्याला कॉपीचा मोह पडतच नाही, आणि खरा बंदोबस्त तो आहे.

एवढे सगळे करूनही एखाद्याचा निकाल मनासारखा लागणार नाही. त्या मुलाला मी वडगावच्याच तालुक्यातील देवराष्ट्र्याचे स्मरण देईन. १२ मार्च १९१३ रोजी तेथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असता स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, शाळा मागे पडली, आणि मॅट्रिक होण्यास त्यांना १९३४ साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय एकवीस होते. पुढे तेच महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. परीक्षा महत्त्वाची आहे म्हणून तिची तयारी शहाणपणाने करावी. आयुष्य तिच्याहून मोठे आहे म्हणून तिच्या भयाने मुलाने खचू नये आणि पालकांनी त्याला खचवू नये.

शेवटी माझी विनंती मुलांपेक्षा मोठ्यांना आहे. पुष्कळ आईबाप म्हणतात, आम्ही शिकलेले नाही, आम्ही मुलाचा अभ्यास काय घेणार? त्यांना मी वाती वळणाऱ्या त्या आजीविषयी सांगतो. तिला सतरा सत्ते किती हे कदाचित सांगता आले नसते, पण नातवाचा आवाज कोठे डळमळला हे तिला कळत होते. आज संध्याकाळी सात वाजता मोबाईल कपाटात ठेवावा, मुलाच्या हातचे पुस्तक घेऊन ते मिटून आपल्या मांडीवर ठेवावे, आणि म्हणावे, ‘‘सांग बाळ, आज काय शिकलास ते मला सांग.’’ मग तो अडखळेपर्यंत आणि अडखळून पुन्हा सावरेपर्यंत, मध्ये न बोलता, ऐकत बसावे.